मालकच वैमानिक असतो तेव्हा

अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले सुमारे ५,००० विमानतळ आहेत. नियमित प्रवासी विमानसेवा मात्र त्यांपैकी जेमतेम दहा टक्के ठिकाणी पोहोचते. कारखाने आणि ग्राहक तर लहान गावांतही असतात. म्हणूनच तेथील काही उद्योजक स्वतःचे टर्बोप्रॉप विमान बाळगतात आणि स्वतःच चालवितात.

या विमानात जेटप्रमाणेच टर्बाइन असते; परंतु त्याची शक्ती मुख्यतः पंखा फिरविण्यासाठी वापरली जाते. त्यामुळे कमी अंतराच्या प्रवासात इंधनाची बचत होते आणि आखूड धावपट्टीही पुरते. १९९४ मध्ये प्रमाणित झालेले स्विस बनावटीचे 'पिलाटस पीसी-१२' एकाच इंजिनावर ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेग गाठते. ते चालविण्यास एक वैमानिक पुरेसा असतो.

खरी मेख येथेच आहे. हवामान बिघडल्यास पगारी वैमानिक मालकाला नकार देऊ शकतो. येथे मात्र नकार देणारा आणि बैठकीची घाई असलेला माणूस एकच! म्हणून हँगर, विमा व देखभालीच्या खर्चाइतकाच सिम्युलेटरवरील नियमित सरावही अनिवार्य मानावा लागतो. बैठक उद्याही घेता येईल, हे मात्र उड्डाणापूर्वीच मनाशी पक्के करावे लागते.