कंपवाताचे नेत्रगत निर्देशक : शक्यता आणि मर्यादा

बीजशब्द : कंपवात, दृष्टिपटल, डोपामिन, ओसीटी, पूर्वनिदान

प्रस्तावना

कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सन्स रोगाचे, निदान आजही मुख्यत्वे डॉक्टरांच्या निरीक्षणावर अवलंबून आहे. हालचालींतील मंदपणा आणि त्याच्या जोडीला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा दिसला म्हणजे निदान होते. परंतु तोवर मेंदूतील डोपामिननिर्मिती करणाऱ्या पेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या रोगाचे वर्णन केले. त्यानंतर दोन शतके उलटली, तरी त्याची चाहूल आधीच देणारी सुलभ चाचणी नित्य वापरात आलेली नाही. अशी चाचणी डोळ्यातून मिळू शकेल काय, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबईतील पारशी वसाहतींमध्ये सुमारे 14,000 व्यक्तींची घरोघर पाहणी झाली व तिचे निष्कर्ष 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कंपवाताचे प्रमाण दर लाखास सुमारे 328 आढळले. या समाजात वृद्धांची संख्या अधिक आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तथापि घरोघर जाऊनही सापडले ते लक्षणे उघड झालेलेच रुग्ण.

दृष्टिपटलातील खुणा

दृष्टिपटल हा भ्रूणावस्थेत मेंदूतूनच विकसित होणारा भाग आहे. त्यातील काही अमाक्राइन पेशी डोपामिन स्रवतात. उजेड-अंधाराशी जुळवून घेणे व छटांमधील फरक ओळखणे यांत त्यांचा वाटा असतो. चष्म्याचा क्रमांक योग्य असूनही मंद प्रकाशात वाचता येत नाही, अशी तक्रार अनेक रुग्ण करतात, ती यामुळे समजू शकते. मृत्यूनंतरच्या तपासणीत रुग्णांच्या दृष्टिपटलात डोपामिन कमी आढळले आहे. मेंदूत साचणारे अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिनही तेथे दिसले आहे.

जिवंत डोळ्यातील हे बदल पाहण्याचे साधन म्हणजे 1991 मध्ये पुढे आलेली ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, अर्थात ओसीटी. परावर्तित प्रकाशाच्या आधारे ती दृष्टिपटलाच्या प्रत्येक थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजते. सुईची गरज नाही, काही मिनिटे पुरतात. मधुमेह व काचबिंदूच्या रुग्णांसाठी हे यंत्र नाशिकमध्येही वापरले जाते. ब्रिटनमधील दोन मोठ्या माहितीसंचांवर आधारित अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कंपवाताच्या रुग्णांमध्ये दृष्टिपटलाचे आतील थर पातळ आढळले आणि हा फरक निदानापूर्वी सरासरी सात वर्षे दिसू शकतो, असे नोंदवले गेले. अमाक्राइन पेशींची केंद्रके याच आतील थरांपैकी एकात असतात, ही बाब लक्षणीय होय.

नजरेच्या हालचाली

वाचताना नजर एका शब्दावरून दुसऱ्यावर झेप घेते. कंपवातात ही झेप अपुरी पडते आणि लक्ष्य गाठण्यास दोन-तीन छोट्या झेपा लागतात. पापण्यांची उघडझापही मंदावते. मात्र येथे सावधगिरी हवी. जवळपास सर्व रुग्णांच्या डोळ्यांत सूक्ष्म कंप असतो, असा दावा 2012 मध्ये झाला. पुढील वर्षीच दुसऱ्या गटाने तो डोक्याच्या थरथरीचा परिणाम असल्याचे दाखविले. मापनपद्धती शिकविणाऱ्या अध्यापकास यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

मर्यादा

पातळ दृष्टिपटल म्हणजे कंपवात नव्हे. वय, काचबिंदू, मधुमेह आणि तीव्र लघुदृष्टी यांमुळेही थर विरळ होतात. शिवाय वरील फरक हा गटांच्या सरासरीतील आहे. एकेका व्यक्तीची मापे परस्परांत मिसळतात, म्हणून एका अहवालावरून निर्णय देणे अशास्त्रीय ठरेल. एकाच रुग्णाची वर्षानुवर्षे तुलना करणे त्या मानाने अधिक आशादायक वाटते. त्यासाठी आपल्या लोकसंख्येची प्रमाण मापे हवीत. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने 2006 ते 2008 या काळात ग्रामीण भागातील 30 वर्षांवरील 4,711 व्यक्तींचे डोळे तपासले होते. म्हणजे मोठी नेत्रपाहणी आपल्याकडे अशक्य नाही. तिला मेंदूविकारतज्ज्ञांच्या दीर्घकालीन पाठपुराव्याची जोड मिळाली पाहिजे.

याहून अवघड प्रश्न वैद्यकाबाहेरचा आहे. इंदिरानगरातील एखादे निवृत्त गृहस्थ मधुमेहामुळे डोळे तपासावयास गेले आणि संगणकाने भावी कंपवाताची शंका नोंदविली, तर ती त्यांना सांगावी काय? लेव्होडोपा लक्षणे हलकी करते, परंतु रोग थांबविणारे सिद्ध औषध अद्याप नाही. व्यायामाचा लाभ होतो, तोही निश्चित निदानावाचून घेता येतो. तेव्हा असे विश्लेषण करावयाचे असल्यास, त्याचा निष्कर्ष जाणून घ्यावयाचा आहे किंवा नाही, हे त्या व्यक्तीस यंत्रापुढे बसविण्यापूर्वीच विचारले गेले पाहिजे.