पुराच्या आठवड्यात गाडी कुठे उभी होती?

कोल्हापुरात जुनी पेट्रोल हॅचबॅक घ्यायला निघालेला माणूस बहुधा दोनच गोष्टी विचारतो: मॉडेल कोणते आणि किलोमीटर किती. वॅगन आर, स्विफ्ट, आय-टेन यांपैकी नाव कानावर पडले की अर्धा निर्णय होतो आणि मीटरवर चाळीस हजार दिसले की उरलेला. पण नावलौकिक असतो मॉडेलचा, पैसे मोजायचे असतात एका गाडीचे. एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांची आठ-दहा वर्षांत अवस्था इतकी वेगळी होते की एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून या शहरात पहिला प्रश्न पाण्याचा असायला हवा, असे मला ठामपणे वाटते. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये ही गाडी कुठे उभी होती?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि शाहूपुरी, नागाळा पार्कसारख्या वस्त्यांत शिरले. 2016 ते 2018 मधली, आज मध्यम कुटुंबाला परवडणारी गाडी या दोन्ही पुरांच्या वेळी रस्त्यावर होती. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान लगेच कळते आणि शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिरांच्या या गावात इंजिन खोलून बांधणारे हात दुर्मीळ नाहीत. मला जास्त काळजी वाटते ती वायरिंगची. अनेक गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रण करणारा डबा पुढच्या दोन सीटच्या मधे, जमिनीलगत असतो. गाळाचे पाणी कनेक्टरमध्ये शिरले की आतल्या पिना हळूहळू गंजतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. एरवी गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ सहसा कुणी धुतलेली नसते. स्टेपनीचा खड्डा, सीटचे रूळ, मॅटखालचा पत्रा, हेडलाइटच्या आतली पाण्याची खूण हेही पाहावे. नुसत्या वासावर जाऊ नये, तो अत्तराने झाकता येतो.

यावर कुणी म्हणेल, पुराला इतकी वर्षे झाली, बिघडायचे ते केव्हाच बिघडले असते. इंजिनापुरते हे बरेचसे खरे आहे. पण गंज सावकाश चढतो, आणि एअरबॅगची परीक्षा धडकेच्या क्षणीच होते. तोवर ती निकामी असल्याचे कळेलच असे नाही. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर बल्ब काढला आहे का, हे बघावे. दुसरा आक्षेप असा, की बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांनी भंगारात काढल्या असतील. दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात हे बरोबर. पण टोटल लॉस झालेली प्रत्येक गाडी तोडली जात नाही. ती विकली जाते, दुरुस्त होते, दुसऱ्या जिल्ह्यात जाते. त्यामुळे ‘गाडी एमएच-09 पासिंग नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. सांगली आणि चिपळूणही पुरात बुडाले होते. मालकाकडून जुन्या विम्याची कागदपत्रे आणि क्लेमचा तपशील मागावा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर ती किमतीत नव्हे, निर्णयात धरावी.

आता किलोमीटर. आकडा मागे फिरवता येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज, सर्व्हिसच्या नोंदी आणि टायरवरची तारीख एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. टायरवर 3521 असेल तर तो 2021 च्या 35व्या आठवड्यात बनलेला असतो. पण खरा कमी आकडाही नेहमी चांगला नसतो, हे फारसे बोलले जात नाही. रोज दोन किलोमीटर बाजारापर्यंत गेलेल्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही. ऑइलमध्ये ओलावा आणि पेट्रोलचा अंश साचत राहतो, चिकट गाळ धरतो. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर दिसला तर कारण हे असू शकते, किंवा हेड गॅसकेट गेलेले असू शकते. हायवेवर नियमित धावलेली, वेळेवर ऑइल बदललेली ऐंशी हजारांची गाडी मी अशा तीस हजारांच्या गाडीपेक्षा वर ठेवीन.

मॉडेलला काहीच अर्थ नाही, असे मी म्हणत नाही. सुटे भाग मिळणे, गावातल्या मिस्त्रीला इंजिन माहीत असणे, ही मोठी सोय आहे. स्विफ्टच्या 1.2 लिटर के-सिरीज पेट्रोल इंजिनात टायमिंग चेन आहे, तर जुन्या आय-टेनच्या 1.1 लिटर इंजिनात पट्टा, जो गाडी कमी चालली तरी वयानुसार बदलावा लागतो. पण हे ज्ञान प्रश्न कोणता विचारायचा ते सांगते, उत्तर गाडीतच शोधावे लागते. त्यासाठी सकाळी, बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करूनच गाडी सुरू करावी. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपली खोड लपवते. मिस्त्रीकडून स्कॅनर लावून घ्यावा आणि नुसते ‘एरर नाही’ यावर थांबू नये. चुका नुकत्याच पुसल्या असतील तर गाडीच्या स्वतःच्या काही तपासण्या अपूर्ण दिसतात. मग पन्हाळ्याच्या रस्त्याने वाघबीळचा चढ चढावा. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. तापमान वाढू लागले तर कूलिंगचे काम निघणार. उतरताना गिअरमध्येच, ॲक्सिलरेटर सोडून गाडी येऊ द्यावी आणि खाली आल्यावर एकदम दाबावा. त्या वेळी मागच्या काचेतून निळसर धुराचा झोत दिसला तर इंजिन ऑइल जाळते आहे.