आज्ञावली लिहिणारी आज्ञावली

सरकारी कचेरीत अर्ज करावयास गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न नावाचा विचारला जातो. महाराष्ट्रात त्याचे उत्तर तीन भागांत देण्याचा परिपाठ आहे: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. परंतु कर्नाटकात व तमिळनाडूत असे असंख्य लोक आहेत की ज्यांना आडनाव नाही. वडिलांच्या अथवा गावाच्या नावाचे आद्याक्षर लावले की त्यांचे नाव पुरे होते. अर्ज कागदाचा होता तेव्हा कारकून आडनावाच्या रकान्यात आडवी रेघ मारून मोकळा होई. संगणकाच्या पडद्यावरचा रकाना अशी सवलत देईलच असे नाही. 'हा रकाना भरणे आवश्यक आहे' असे तांबड्या अक्षरांत बजावून तो माणसाला तेथेच थांबवतो.

हा रकाना असा हट्टी का झाला, हे समजण्यासाठी तो कसा घडतो ते पाहिले पाहिजे. पडद्यावरील रकाने, कळा, तारखांचे तक्ते प्रत्येक वेळी नव्याने घडवीत नाहीत. ते एकदा घडवून हवे तेथे बसवतात. अशा सुट्या भागांना घटक म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी असे प्रतिपादन केले होते की, कारखान्यातील सुट्या भागांप्रमाणे सॉफ्टवेअरचेही भाग घाऊक प्रमाणात तयार व्हावेत. त्याच्या पुढची पायरी म्हणजे हे घटक जुळवून देणारे, किंबहुना त्यांची आज्ञावली स्वतःच लिहून देणारे साधन.

याचे एक उदाहरण बेंगळुरूतच आहे. नंदन निलेकणी व श्रीकांत नाधमुनी यांनी २००३ साली तेथे ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. नगरपालिकांचा मालमत्ता कर, नागरिकांच्या तक्रारी अशा कामांसाठी तिने 'डिजिट' नावाची प्रणाली उभारली असून तिची आज्ञावली व विवरण कोणासही पाहावयास खुले आहे. तीत दोन प्रकारची साधने आढळतात. पहिले कोडजेन. सेवेला काय विचारले जाईल आणि तिने काय उत्तर द्यावे, याचा ठरीव मसुदा त्याला दिला म्हणजे ते त्या सेवेच्या जावा आज्ञावलीचा सांगाडा लिहून देते. दुसरे फॉर्म कम्पोझर. त्याला केवळ एक यादी पुरवावयाची: रकान्याचे शीर्षक काय, तो भरणे सक्तीचे आहे काय, त्याचा प्रकार कोणता, कोणते उत्तर ग्राह्य धरावे. त्या यादीवरून संपूर्ण अर्ज पडद्यावर उभा राहतो. शीर्षकाच्या जागी शब्द नसून संकेत असतो, आणि त्या संकेताचा कन्नड, मराठी वा पंजाबी शब्द वेगळ्या भांडारातून येतो. म्हणून भाषा बदलली तरी आज्ञावलीला हात लावावा लागत नाही.

श्रमाची ही बचत मोठी आहे, यात शंका नाही. तथापि जे साधन शंभर अर्ज क्षणात उभे करते, ते एक चूकही क्षणात शंभर ठिकाणी नेऊन बसवते. म्हणून अशा साधनाचे विवरण लिहिणे हे मागाहून उरकण्याचे काम नव्हे.

त्या विवरणात तीन गोष्टी असाव्या लागतात. पहिली, साधनाला काय द्यावे आणि त्यातून काय मिळते. दुसरी, साधनाने लिहिलेल्या भागापैकी कशाला हात लावावा व कशाला लावू नये. कारण आज कोणी हाताने केलेली दुरुस्ती, साधन पुन्हा चालवले की, सहसा पुसली जाते. तिसरी, एखादा नियम तसाच का ठेवला. पहिल्या दोहोंचा बराचसा भाग यंत्र स्वतःच्या आज्ञावलीवरून काढून देऊ शकते. तिसरी मात्र त्याला देता येत नाही. आडनाव सक्तीचे आहे, एवढे आज्ञावली सांगते. ते कायद्याने सक्तीचे आहे की रकाना घडवणाऱ्याच्या घरी सर्वांना आडनाव होते म्हणून, हे ती सांगत नाही.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावे. तीन भागांच्या नावाचे चार भाग झाले. नावाचा घटक एकच असेल आणि त्याचे विवरण नीट असेल, तर हा बदल एका ठिकाणी करून भागते. ते नसेल, तर कोणत्या पडद्यावर कोणी परस्पर दुरुस्ती केली होती याचा शोध घेत बसावे लागते, आणि तोवर एखाद्या बालकाच्या शासकीय दस्तऐवजावरील नावात आईचे नाव येत नाही.

आपल्याकडे हा विचार अगदीच परका नाही. यादवांचा प्रधान हेमाडपंत याच्या नावाशी परंपरेने जोडलेली मेस्तके म्हणजे पत्रलेखनाचे नियमच होत. मायने ठरीव होते. परंतु कोणाला कोणता मायना घालावा, हे लिहून ठेवावेच लागले. आजही कचेरीत निर्णयाबरोबर टिपणी लिहितात. ती लिहिणारा अधिकारी बदलून जातो, त्याच्या जागी आलेल्याला निर्णयामागचे कारण त्या टिपणीतच सापडते. आज्ञावली लिहिणाऱ्या साधनाचे विवरण ही तशीच टिपणी होय. आडनाव नसलेला एखादा गृहस्थ खिडकीपाशी उभा राहील, तेव्हा रकाना बदलण्यास हरकत नाही, हे पलीकडच्या माणसाला तीतूनच कळावयाचे आहे.