नाव बदललं म्हणून फाइल बदलत नाही

नांदेडच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी संस्था आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे फॉर्म भरणाऱ्यांना तोटा नाही. आणि फॉर्म आला की हा सल्लाही आलाच: “पीडीएफ मागतंय ना? राइट क्लिक कर, रीनेम कर, शेवटी डॉट पीडीएफ टाक. झालं!”

काहीही झालेलं नसतं. एक्स्टेंशन बदललं तर फाइल उघडेनाशी होईल, असं विंडोज बजावतं. पण ते वाचण्याआधीच ‘येस’ दाबलेलं असतं. आयकॉन बदलतो, मंडळी खूश होतात आणि फाइल उघडली नाही की सर्व्हरच्या नावाने खडे फोडतात.

नावातल्या शेवटच्या टिंबापुढचा भाग म्हणजे एक्स्टेंशन. फाइल कोणत्या प्रोग्रामकडे सोपवायची, एवढंच विंडोज त्यावरून ठरवतं. आतला मजकूर होता तसाच राहतो. ज्वारीच्या डब्यावर गहू लिहिलं म्हणून पोळ्या होत नाहीत. पटत नसेल तर वर्डची एखादी डॉकएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा (सेव्ह मात्र करू नका). सगळा अगम्य कचरा दिसेल, पण अगदी सुरुवातीला ‘पीके’ ही दोन रोमन अक्षरं असतील. झिप फाइलचे जनक फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. डॉकएक्स ही मुळात झिपच असते. खरी पीडीएफ टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी सुरू होते. बाहेरचं नाव दहा वेळा बदला, आतली अक्षरं हलत नाहीत.

“पण जेपीईजीचं जेपीजी केलं तेव्हा चाललं की!” चालणारच. ती एकाच प्रकाराची दोन नावं आहेत. हा गैरसमज बहुधा तिथूनच फोफावला असावा. वर्डची पीडीएफ हवी असेल तर ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन प्रकार पीडीएफ निवडा. रीनेमपेक्षा फार वेळ लागत नाही.

त्यात ओळखीची एक्स्टेंशन लपवून ठेवायची विंडोजची खोड. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस पसरला तो तिचाच फायदा घेऊन: नावात टीएक्सटी दिसायचं, त्यामागचं खरं व्हीबीएस लपलेलं असायचं. ती दिसायला हवी असतील तर विंडोज 11 च्या फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, आणि ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’वर टिक करा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइलही त्याच जातीची. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. पत्रिका तशी येत नसते.

बाकीचे समज किरकोळ. शॉर्टकट पेनड्राइव्हवर घेतला म्हणजे फाइल घेतली असं नाही. तो एक-दोन केबीचा नुसता पत्ता असतो. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये सहसा जात नाही, तिथे शोधू नका. 500 जीबीची डिस्क 465 दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नका: कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. देवनागरी नावाने फाइल खराब होते, हीही अफवाच. विंडोजची एनटीएफएस ही रचना 1993 पासूनची, आणि ती नावं युनिकोडमध्येच ठेवते. एखादं पोर्टल रोमन नावच मागत असेल तर तो त्या पोर्टलचा दोष.

आणि डेस्कटॉप म्हणजे सुरक्षित जागा नव्हे. तो सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर आहे. संगणक फॉरमॅट मारायला देण्याआधी तिथल्या फाइली दुसरीकडे कॉपी करा, आणि त्या उघडतात का तेही बघा.