बाळाच्या वाटीतला फळांचा गर

बाळाचं उष्टावण झालं, मामानं चांदीच्या चमच्यानं खीर चाटवली, पाहुणे जेवून गेले, की दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या बाईपुढं प्रश्न उभा राहतो – आता याला रोज द्यायचं काय? डाळीचं पाणी नि भाताची पेज आहेच. पण बहुतेक घरांत पहिला हात जातो तो फळांच्या टोपलीकडे. केळं कुस्करायला वेळ तो काय लागतो? चिकूचा गर तर नुसता चमच्यानं निघतो. गोड असल्यानं बाळ मिटक्या मारत खातं आणि आजीच्याही जिवाला समाधान. शिवाय आता बाजारात तोंडाला नळी बसवलेल्या पिशव्यांतून तयार गरही मिळू लागला आहे. बूच फिरवायचं नि बाळाच्या तोंडाला लावायचं!

ही पिशवी घरी आणण्याआधी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. गर घरी करणं इतकं सोपं आहे की त्यासाठी पैसे मोजावेत असं मला तरी वाटत नाही, ही पहिली. आणि फळ कितीही चांगलं असलं तरी बाळाचं सगळं जेवण फळावर भागत नाही, ही दुसरी. दुसरी जास्त महत्त्वाची, म्हणून आधी तीच सांगते.

आमच्या इमारतीतल्या एका सुनेची मुलगी दहा महिन्यांची. गोरीगोमटी, हसरी. पण फळांचा गर आणि दूध याखेरीज काही तोंडात घेईना. खिमट दिलं की थू करायची, आणि गोड गर पुढं केला की आ वासायची. मग घरच्यांनीही खिमटाचा नाद सोडला. "फळंच खातेय ना, काही वाईट तर नाही," असं सासूबाईही म्हणत. त्यांचं तरी काय चुकलं? फळाला वाईट कोण म्हणेल! पण लागोपाठ दोन महिने वजनाचा काटा जागचा हलला नाही, पोरगी किरकिरी झाली, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. मग लोहाचं औषध आणि जेवणाची नवी घडी, असं सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. आता ती बरी आहे, पण खिमटाची वाटी पाहिली की अजून तोंड फिरवते.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पोटात असताना, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन ठेवतं. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, आणि फळांत तर त्याहून सांगण्यासारखं काही नसतं. फळांत प्रथिनं आणि स्निग्धही नावालाच. बाळाचं पोट ते केवढं! ते गोड गरानंच भरलं, तर वरण-भाताला जागा उरत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं या वयाची १०० पैकी ६७ मुलं रक्तक्षयाची आढळली, आणि आपल्या महाराष्ट्रात तर जवळजवळ ६९. ही मुलं काही फक्त गरीब घरांतली नव्हेत, बरं का!

म्हणून फळं बंद करायची का? मुळीच नाही. फक्त त्यांची जागा बदलायची. नाचणी, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. पण त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असलेलं काही पडलं, तर ते अधिक चांगलं शोषलं जातं. तेव्हा नाचणीच्या सत्त्वाबरोबर पिकलेल्या पपईचे चार चमचे, मूगडाळीच्या खिमटानंतर आंब्याचा किंवा संत्र्याचा थोडा गर, अशी जोडी लावावी. फळ जेवणाच्या ऐवजी नको, जेवणाच्या सोबत हवं. आणि खिमटात अर्धा चमचा साजूक तूप विसरू नये.

सुरुवात कधी करायची, याबद्दल घराघरांत वाद असतात. आपल्याकडे मुलाचं उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात आणि मुलीचं पाचव्या किंवा सातव्यात करण्याची रीत. समारंभ हवा तेव्हा करा, पण वरचं अन्न मुलगा असो की मुलगी, सहा महिने पूर्ण झाल्यावर. आमच्या आयांच्या वेळी डॉक्टर चार महिन्यांनंतर चालेल म्हणत, ते खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली हा सल्ला बदलून सहा महिने केला. त्यामुळे सासूबाई "आम्ही तर चौथ्या महिन्यात केळं दिलं होतं" म्हणाल्या, तर त्यांना खोटं पाडू नका, नवा सल्ला फक्त सांगा. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा आणि पुढं तीन-चार वेळा खाऊ घालायचं. दोन-तीन चमच्यांपासून आरंभ करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जायचं. आईचं दूध मात्र दोन वर्षं आणि त्यापुढंही चालू ठेवायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष गराकडे वळू. यंत्रं फार लागत नाहीत. एक स्टीलची बारीक चाळणी, एक काटा आणि कुकरमधला छोटा डबा. पुरणयंत्र असेल तर फारच छान. मिक्सर असला तर पहिल्या महिन्यापुरताच वापरा. कारण मिक्सरमधून गर पाण्यासारखा गुळगुळीत निघतो आणि बाळाला तोच पसंत पडतो. सातव्या-आठव्या महिन्यापासून काट्यानं कुस्करलेलं, थोडं कणीदार द्यायला लागावं आणि नवव्या-दहाव्यात बोटांनी चेपतील असे मऊ तुकडे. हे लांबवलं तर पुढं मूल चावायचा कंटाळा करतं. नळीच्या पिशवीवर माझा राग आहे तो यासाठीच. चोखायचं तर बाळाला जन्मापासून येतंच, शिकायचं असतं ते चावायला. बाटलीत पातळ गर भरून देणंही तितकंच वाईट. बाटली नीट स्वच्छ होत नाही आणि जुलाबांना आमंत्रण मिळतं. वाटी-चमच्यासारखं दुसरं काही नाही.

केळं सर्वांत सोपं. वेलची केळं असेल तर उत्तम, आकारानं बेताचं आणि एका वेळेला पुरतं. सालीवर काळे ठिपके आले की ते पुरतं पिकलं समजा. सोलून लगेच कुस्करा नि लगेच भरवा, ठेवलं की काळपट पडतं. हवा लागल्यानं तसं होतं. ते काही नासलेलं नसतं, पण चव उतरते. थंडीत केळं दिलं तर सर्दी होते असं पुष्कळ घरांत म्हणतात. सर्दी केळ्यानं होत नाही, ती दुसऱ्याची लागते. फ्रिजमधून काढलेलं गार केळं मात्र लगेच भरवू नये इतकंच.

सफरचंद आणि पेर कच्चे देऊ नयेत, किसूनसुद्धा नाही. घशात अडकण्याची भीती असते. साल नि बिया काढून फोडी कुकरच्या डब्यात, पाण्याचा थेंबही न घालता, वाफवायच्या. एक शिट्टी पुरे. डब्यात जो रस सुटतो तो टाकू नका, गर चाळताना त्यातच मिसळा. साखर घालायची नाही, मीठही नाही. एक वर्षापर्यंत दोन्हींची गरज नसते. आपल्या जिभेला तो गर सपक लागतो, पण बाळाच्या जिभेला साखरेची सवय कुठं असते? लावली की मात्र सुटत नाही.

आणि मध! या एका बाबतीत सासरचं-माहेरचं कुणाचंही ऐकू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला गरात मध घालणं तर नकोच, बोटानं चाटवणंही नको. मधात एका जिवाणूची बीजं असू शकतात. मोठ्यांचं ती काही बिघडवत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून असं विष तयार करतात की हातपाय लुळे पडतात आणि श्वासही अडतो. मध उकळून घेतला तरी ती बीजं मरत नाहीत.

चिकू आपल्याकडचा आणि स्वस्त. डहाणू-घोलवडच्या चिकूला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण चिकू निवडताना दक्षता हवी. कच्च्या चिकूत चीक असतो, त्यानं तोंडात खाज सुटते नि जीभ जड होते. सालीवर नखानं किंचित खरवडून पाहा. खाली हिरवं दिसलं तर अजून दोन दिवस थांबा. वरची वाळूसारखी पूड वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, मग चीर देऊन चमच्यानं गर काढायचा. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, ती घशात गेली तर अडकून बसते. म्हणून मी बिया मोजून ताटलीत ठेवते. सीताफळाचंही तेच, गर चाळणीवर घासूनच काढावा. पेरूच्या बिया बारीक आणि टणक, त्यामुळे तोही वाफवून चाळून. द्राक्षं तर अख्खी कधीच नकोत. अगदी चार-पाच वर्षांपर्यंत उभे चार भाग करूनच द्यावीत.

आंब्याच्या मोसमात बाळाच्या ओठांभोवती पुरळ उठतं आणि सगळे म्हणतात, आंबा उष्ण पडला. पुष्कळदा दोष देठाजवळच्या चिकाचा असतो. आंबा तासभर पाण्यात ठेवावा, देठाकडचा भाग कापून टाकावा आणि बाळाला साल लावून चोखायला देऊ नये, एवढं केलं तरी पुरतं. कार्बाइडनं आंबे पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी बाजारात ते येतातच. बाहेरून एकसारखे पिवळेधमक आणि आतून आंबट, वास नाही, असे आंबे बाळासाठी घेऊ नका. कच्चे आणून घरी गवतात किंवा तांदळाच्या डब्यात पिकवले तर बरं. पिकलेलं एक केळं शेजारी ठेवलं की काम लवकर होतं, कारण पिकणारं फळ स्वतःच एक वायू सोडतं आणि तो शेजारच्या फळालाही पिकवतो.

नवं फळ दिलं की दोन-तीन दिवस दुसरं नवं काही देऊ नये, म्हणजे पुरळ उठलं, जुलाब झाले तर कशानं ते कळतं. फळांचा गाळलेला रस मात्र वर्षाच्या आत नको. त्यात गोडी तेवढी उरते, चोथा जातो.

गर रोज ताजा करणं सर्वांत चांगलं. नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना ते जमत नाही, ठाऊक आहे. मलाही शाळेच्या दिवशी जमत नाही. सफरचंदाचा, पेराचा, आंब्याचा गर बर्फाच्या स्वच्छ ट्रेमध्ये भरून गोठवायचा, वड्या घट्ट झाल्या की झाकणाच्या डब्यात काढून तारीख लिहायची आणि महिन्याभरात संपवायच्या. लागेल तेवढीच वडी काढून गरम करायची. बाळाच्या चमच्याचा स्पर्श झालेला उरलेला गर पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. तो आपण खावा, आई झाल्यावर उष्ट्याचा कसला विचार!

वर्ष उलटलं की गराचे छान खाऊ होतात. कुस्करलेलं केळं, दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ आणि एक अंडं, किंवा अंडं चालत नसेल तर दोन चमचे दही, यांची छोटी छोटी धिरडी तुपावर टाकावी. यात लोह आलं, प्रथिनं आली आणि मुलाला हातात धरून खाता येतं. बांधून ठेवलेल्या दह्याच्या चक्क्यात आंब्याचा गर फेटला की बिनसाखरेचं आम्रखंड तयार. काळ्या मनुका रात्री भिजवून वाटल्या तर शिऱ्यात साखरेऐवजी चालतात.

आणि आपली कोकणातली आंबापोळी! सहा मध्यम हापूसचा साधारण चार वाट्या रस निघतो. तो चाळून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळत, निम्म्याला थोडा जास्त राहील इतका आटवावा. पिकलेल्या हापूसला साखर लागत नाही. स्टीलच्या ताटाला तुपाचा हात फिरवून रस पातळ, सारखा पसरावा आणि वर मलमल बांधून कडक उन्हात ठेवावा. संध्याकाळी आत आणायचा, नाहीतर दव नि मुंग्या दोन्हींचा त्रास. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत कडा सुटू लागतात, तेव्हा उलटून दुसरी बाजू वाळवावी. बरक्या फणसाच्या गऱ्यांची पोळीही अशीच करतात. बिनसाखरेची पोळी फार टिकत नाही, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून संपवावी. ही चिवट असते, तेव्हा दीड वर्षाच्या पुढंच, बारीक पट्ट्या कापून, मूल मांडी घालून बसलेलं असताना द्यावी. पळता पळता नाही. दातांना चिकटते, म्हणून वरून पाणी पाजावं आणि रात्री दात घासून द्यावेत.

राहता राहिले झबल्यावरचे डाग. केळ्याचे नि चिकूचे वाळले की काळे पडतात, म्हणून लगेच गार पाण्यात चोळून काढावेत. आंब्याचा पिवळा डाग धुवूनही राहिला, तर झबलं ओलं असतानाच भर उन्हात वाळत टाकावं, दोन-तीन उन्हांत तो फिका होतो.