मंडप उतरला, आवाज जिरला

गणपती गेले की लालबागच्या मंडपांतून कापडी छतं, झालरी, गालिच्यांच्या पट्ट्या आणि रिपा उतरतात. यातलं बरंचसं अडगळीत जातं. पण त्याच मालाचं भिंतीवर लावायचं देखणं पॅनेल होतं आणि ते खोलीतला घुमारा गिळतं!

याची पहिली नीट मोजणी झाली तीही उसन्या गाद्यांवर. १८९५ साली हार्वर्डच्या एका नव्या सभागृहात वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमे, त्यामुळे बोलणं कळेना. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती वेळात विरतो ते घड्याळावर मोजलं. शोषणाचं माप म्हणून त्याने धरली उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

तेच गणित चाळीतल्या खोलीला लावू. ३ बाय ४ मीटरची, ३ मीटर उंच, रिकामी खोली. गिलावा जेमतेम ३ टक्के आवाज शोषतो असं धरलं, तर घुमारा जवळजवळ ३ सेकंद. ८० टक्के शोषणारी ४ चौरस मीटर पॅनेलं लावा, तो सव्वा सेकंदाच्या आत येतो.

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती धाग्यांच्या फटींत शिरते, घासते आणि तिची ऊब होते, हाताला न जाणवण्याइतकी. म्हणून मऊपणापेक्षा फटी महत्त्वाच्या. थर्माकोल हलका असला तरी त्याच्या पेशी बंद, तो इथे कुचकामी. रेक्झिनचंही तेच. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा; पलीकडे गेली तर ते चालेल.

रिपांच्या चौकटीत जुन्या गादीचा पिंजलेला कापूस ५ सेंटीमीटर भरा, वर झालरीचं कापड ताणा. भिंतीला अगदी लगटून हवेची हालचाल जवळपास थांबते, म्हणून मागे ४-५ सेंटीमीटर पोकळी सोडा. त्याच कापसाकडून जास्त काम होतं. मात्र कापूस पेटतो, तेव्हा गॅस आणि समईपासून दूर.

ढोलापुढे मात्र हे पॅनेल हरतं. १०० हर्ट्झच्या ठोक्याची लहर साडेतीन मीटर लांब, तिला एवढा थर पुरत नाही. शिवाय रस्त्यावरचा आवाज अडवायला जड भिंत आणि घट्ट बंद खिडकी लागते. पॅनेल सुधारतं ते घरातलं बोलणं.