माणसाआधी माकडाला लस

"डॉक्टर, कोरोनाची लस प्राण्यांवर न तपासताच आम्हाला टोचली ना?" असे विचारणारे रुग्ण आजही भेटतात. प्रश्न रास्त आहे. आजाऱ्याला द्यायच्या औषधापेक्षा धडधाकट माणसाला टोचायची लस अधिक पारखून घ्यायला हवी.

लस आधी प्राण्यांना देतात ती दोन कारणांनी. पहिले, ती घातक नाही ना हे पाहणे. उंदीर, ससे यांना लस टोचून वजन घटते का, रक्तात काही बदल होतो का, हे पाहतात आणि शेवटी त्यांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. दुसरे कारण लोकांना सहसा ठाऊक नसते. लस दिलेल्या शरीरात खरा विषाणू शिरला, तर रोग हटतो की उलट बळावतो?

लसीने रोग बळावेल कसा, असे तुम्ही म्हणाल. पण तसे घडले आहे. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत तान्ह्या बाळांना आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवर, मारलेल्या विषाणूची लस दिली होती. पुढे खऱ्या विषाणूची लागण झाल्यावर लस घेतलेली बाळे इतरांपेक्षा जास्त आजारी पडली, दोन दगावली. मांजरांना होणारा एक कोरोना विषाणू आहे. (कोरोनाचे कुटुंब जुनेच, २०१९ चा हा त्यातला नवा सदस्य!) त्यावरची एक प्रायोगिक लस दिलेली मांजरे लस न दिलेल्यांपेक्षा लवकर मेल्याचे १९९० साली दिसले होते. त्यामुळे २०२० मध्ये ही धास्ती शास्त्रज्ञांच्या मनात होतीच.

अडचण अशी की, साध्या उंदराला २०२० चा मूळ विषाणू लागतच नव्हता. ज्या कुलपातून तो पेशीत शिरतो, ते कुलूप उंदरात वेगळे असते. म्हणून हॅमस्टर हा उंदरासारखा गुबगुबीत प्राणी आणि ऱ्हीसस जातीची लाल तोंडाची माकडे निवडली गेली. आपल्याकडे कौलांवर उड्या मारणारी काळ्या तोंडाची वानरे ती ही नव्हेत.

कोव्हॅक्सिनची माकडांवरील चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाली. माकडे मिळवणे हेच मोठे काम झाले. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारे खाणे थांबल्याने ती रानात पांगली होती. अखेर वनखात्याच्या मदतीने नागपूरकडून आणावी लागली. २० माकडांचे पाच-पाचचे चार गट केले. तीन गटांना लसीचे तीन प्रकार, चौथ्याला नुसते बिनऔषधी इंजेक्शन. १४ दिवसांच्या अंतराने दोन डोस, आणि दुसऱ्यानंतर १४ दिवसांनी सर्वांना मुद्दाम जिवंत विषाणू दिला. लस न मिळालेल्या माकडांत न्यूमोनिया आढळला, लस मिळालेल्यांत नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. हे निकाल सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तर माणसांवरचा पहिला टप्पा जुलैतच सुरू झाला होता. लस घातक नाही ना याची लहान प्राण्यांवरची तपासणी त्याआधी झाली होती. म्हणजे पायऱ्या गाळल्या नाहीत, पण काही एकदमच चढल्या. साथीत माणसे मरत असताना मला ते मान्य आहे. तुम्हाला नसेल, तर तुमचे म्हणणेही मला समजते.

आपल्याकडे कोविशील्ड म्हणून आलेल्या ऑक्सफर्डच्या लसीची माकडे अमेरिकेत होती. एकच डोस दिलेल्या सहांपैकी एकालाही न्यूमोनिया झाला नाही, पण नाकातला विषाणू लस न दिलेल्यांइतकाच होता. लस घेऊनही कोरोना झाला म्हणून चिडलेल्या माणसांना मी हेच सांगतो. फुप्फुस वाचेल, पण नाकाची खात्री नाही, हे माकडांनी २०२० च्या मे महिन्यातच दाखवले होते.

काही गोष्टी मात्र प्राणी सांगूच शकत नाहीत. या ऑक्सफर्डच्या लसीनंतर फार थोड्या माणसांत रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घटल्याचे २०२१ मध्ये आढळले. लाखांत एखाद्याला होणारा त्रास सहा किंवा वीस माकडांत दिसणार कसा? तो लाखो लोकांनी लस घेतल्यावरच कळतो. म्हणून कोणत्याही लसीनंतर काही वेगळे जाणवले, तर घरी दडवून न ठेवता जवळच्या आरोग्य केंद्रात सांगा. त्याची नोंद घेण्याची सोय सरकारने केलेली आहे.